विश्लेषण : क्रांतीसाठी देश सोडणारे पांडुरंग खानखोजे मातीचे अभ्यासक कसे झाले?

पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरण आणि नैसर्गिक साधनसंपत्ती हा विषय शिकावा लागतो. अनेकांच्या लेखी तो परीक्षेपुरता उरकायचा पेपर असतो. मात्र शंभर वर्षांपूर्वी वर्ध्याच्या एका तरुणाने परदेशातील महाविद्यालयात माती, पाणी आणि बियाणे यांचा अभ्यास केला आणि त्या शिक्षणाने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. मेक्सिकोत मक्यावर संशोधन करणारे, तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा उभारणारे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या आयुष्याचा आणि त्यातून आजच्या विद्यार्थ्याला काय घेता येईल याचा हा वेध.

केदारखेड्याचा मेक्सिकोशी काय संबंध?

केदारखेडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पूर्णाकाठचे गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी पूर्णा पुढे परभणीच्या दिशेने वाहत जाऊन गोदावरीला मिळते. नदी जवळ असली तरी या पट्ट्यातील शेती मुख्यतः पावसावरच चालते. कापूस, सोयाबीन, तूर यांच्या बरोबरीने भोकरदन परिसरात मक्याचा पेराही मोठा असतो.

हा मका मुळात इथला नाही. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी ‘तेओसिंते’ नावाच्या रानगवतातून पिढ्यान् पिढ्या निवड करत तो घडवला. युरोपीय लोक अमेरिका खंडात पोहोचल्यानंतर तो जगभर पसरला आणि भारतातही आला. त्याच मेक्सिकोत जाऊन मक्याचा अभ्यास करणारा, तिथल्या शेतकी विद्यालयात मेक्सिकन मुलांना शिकवणारा प्राध्यापक मराठी होता, हे मात्र मका पिकवणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

खानखोजे कोण होते?

खानखोजे यांचा जन्म १८८४ मध्ये वर्ध्यात झाला. सुरुवातीचे शिक्षण वर्ध्यात आणि पुढचे नागपुरात झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. घरात सत्तावनच्या उठावाच्या आठवणी आणि बाहेर लोकमान्य टिळकांच्या जहाल राजकारणाचा जोर, अशा वातावरणात ते वाढले. इंग्रजांशी लढायचे तर आधी लष्करी शिक्षण हवे आणि ते इंग्रजांच्या राज्यात मिळणार नाही, हे त्यांनी लहान वयातच ताडले होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. खिशात फारसे काही नव्हते. मिळेल ते मजुरीचे काम करायचे, त्यातून राहण्या-खाण्याचा आणि शिक्षणाचा खर्च भागवायचा, असा दिनक्रम होता. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाइस लष्करी विद्यालयात त्यांनी शस्त्रशिक्षण घेतले. म्हणजे ज्यासाठी घर सोडले, ते त्यांना मिळाले. पण ते तिथेच थांबले नाहीत.

महाविद्यालयात त्यांनी नेमके काय शिकले?

ऑरेगॉन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथील शेतकी महाविद्यालयात आणि त्यानंतर पुलमन गावच्या वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला. वॉशिंग्टन स्टेटमधून ते १९१३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. तेव्हा ‘पर्यावरणशास्त्र’ नावाचा वेगळा विषय नव्हता. माती, पाणी, वनस्पती आणि त्यांवर जगणारा माणूस यांचे नाते शिकण्याची जागा म्हणजे शेतकी महाविद्यालय.

या महाविद्यालयांची जातकुळीच वेगळी होती. अमेरिकन सरकारने १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. मजुरी करणाऱ्याच्या, शेतकऱ्याच्या मुलालाही तिथे उच्च शिक्षण घेता यावे, हा त्यामागचा हेतू होता. वर्गाला लागूनच प्रयोगाचे शेत असे.

पुलमनच्या भोवताली पलूस नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. तिथे मैलोन् मैल गहू पिकतो आणि तोही मुख्यतः पावसाच्या ओलीवर. जमिनीतली ओल धरून ठेवून पीक घेण्याचे तंत्र, म्हणजे आपल्या भाषेत कोरडवाहू शेती, हा त्या काळी पश्चिम अमेरिकेतला मोठा चर्चेचा विषय होता. उघड्या उतारावरची सुपीक माती पावसाने वाहून जाते, हा धोकाही तिथे डोळ्यांना दिसत होता. याच महाविद्यालयात विसाव्या शतकाच्या आरंभी गव्हाच्या संकराचे मोलाचे प्रयोग झाले होते. दोन वाणांचा संकर केला की गुण पुढच्या पिढीत ठरावीक प्रमाणात उतरतात, हा मेंडेलचा नियम तिथले संशोधक विल्यम स्पिलमन यांनी स्वतंत्रपणे ताडला होता. खानखोजे तिथे पोहोचेपर्यंत स्पिलमन दुसरीकडे गेले होते, पण त्यांनी रुजवलेली बियाणे सुधारण्याची परंपरा त्या संस्थेत कायम होती.

विदर्भातून आलेल्या तरुणासाठी ही विद्या परकी नव्हती. पाऊस दगा देतो तेव्हा काय होते, हे त्याच्या प्रांताने पाहिलेले होते. ओल कशी टिकवायची आणि तग धरणारे बियाणे कसे निवडायचे, ही त्याची शास्त्रीय बाजू त्याला इथे मिळाली.

मग क्रांतीचे काय झाले?

ते काम याच काळात जोडीने सुरू होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकूड गिरण्यांत, रेल्वेवर आणि शेतांत हजारो भारतीय मजूर राबत होते. त्यांत पंजाबी शेतकरी सर्वाधिक होते. या मजुरांना आणि विद्यार्थ्यांना एकत्र करून १९१३ मध्ये जी संघटना उभी राहिली, ती पुढे तिच्या वृत्तपत्राच्या नावावरून ‘गदर’ म्हणून ओळखली गेली. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ यांच्यासोबत खानखोजे हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. सशस्त्र उठावाची आखणी हा त्यांच्या कामाचा भाग होता.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि गदरचे शेकडो कार्यकर्ते भारताकडे निघाले. फेब्रुवारी १९१५ मधील उठावाचा बेत फुटला. अनेक जण फासावर गेले, अनेकांना काळे पाणी झाले. खानखोजे दुसऱ्या वाटेने, तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये उतरले होते. दक्षिण इराणमधील स्थानिक टोळ्यांसोबत ते इंग्रज फौजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. काही काळ त्यांनी भटक्या टोळ्यांच्या आश्रयाने काढला. युद्ध संपल्यावर ते बर्लिनला पोहोचले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यासोबत मॉस्कोला गेलेल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गटातही ते होते.

वयाची चाळिशी जवळ आली होती. उठाव फसला होता, अनेक सहकारी गेले होते आणि इंग्रजांचे राज्य असेपर्यंत मायदेशी उघडपणे परतणे शक्य नव्हते. हाताशी उरले होते ते महाविद्यालयात मिळालेले शिक्षण.

मेक्सिकोच का?

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत दाखल झाले. कॅलिफोर्नियातील दिवसांपासून मेक्सिकन क्रांतिकारकांशी त्यांच्या ओळखी होत्या. पण त्याहून मोठे कारण त्या देशात घडत असलेल्या बदलात होते.

मेक्सिकोत १९१० मध्ये क्रांतीला सुरुवात झाली होती. मोजक्या जमीनदारांच्या हाती एकवटलेली जमीन हा त्या क्रांतीचा गाभा होता. १९१७ च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमाने देशातील जमीन आणि पाणी मुळात राष्ट्राच्या मालकीचे असल्याचे जाहीर केले, भूगर्भातील खनिजांवरही राष्ट्राचा हक्क सांगितला आणि गावांना सामाईक जमीन देण्याचा मार्ग खुला केला. नैसर्गिक साधनसंपत्ती कुणाची, हा प्रश्न थेट राज्यघटनेत सोडवू पाहणारा तो त्या काळातला ठळक प्रयत्न होता.

पण जमीन मिळाली म्हणजे पीक आले असे होत नाही. पिढ्यान् पिढ्या हवेलीच्या शेतावर राबलेल्या कुटुंबाला स्वतःची जमीन मिळाली, तरी चांगले बियाणे आणि मातीची निगा यांचे ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे होते. मेक्सिको सिटीजवळच्या टेक्सकोको भागातील चापिंगो येथे, एका जुन्या जमीनदारी वाड्यात, राष्ट्रीय शेतकी विद्यालय नुकतेच हलवण्यात आले होते. तिथे खानखोजे यांना प्राध्यापकी मिळाली. नवी भाषा शिकत ते वनस्पतिशास्त्र आणि पीक सुधारणा शिकवू लागले.

मक्यावर त्यांनी कोणते काम केले?

मक्याचे पीक समजून घेतले की हे काम लक्षात येते. मक्याच्या ताटावर वरचा तुरा नर असतो आणि कणसाचे केस हा मादी भाग असतो. तुऱ्यातील परागकण वाऱ्यावर उडून शेजारच्या ताटावरील केसांवर पडतात. त्यामुळे मक्यात आपोआप मिसळ होत राहते. गहू मुख्यतः स्वतःच्याच परागावर फळतो, मका तसा नाही. म्हणून मक्याचा चांगला वाण टिकवायचा तर कोणते ताट कुणापासून फळले, यावर नजर ठेवावी लागते. तुरे आणि कणसे पिशव्यांनी झाकावी लागतात आणि परागीभवन हाताने करावे लागते.

खानखोजे यांनी मेक्सिकोतील स्थानिक मक्याचे वाण अभ्यासले. मक्याचा रानटी नातलग असलेल्या तेओसिंतेशी त्याचा संकर करून पाहिला. रानटी नातलगात रोगाला किंवा पाण्याच्या ताणाला तोंड देण्याचे गुण टिकून असतात, आणि असे गुण पिकात आणता येतात, हे तत्त्व आजही पीक सुधारणेचा पाया आहे. बोटांसारखी अनेक कणसे एकत्र येणाऱ्या मक्यावर त्यांनी काम केले आणि १९३६ मध्ये ‘मायिस ग्रानादा’ या नावाने त्याची माहिती स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध केली. मक्याबरोबर गव्हाच्या सुधारणेतही त्यांनी लक्ष घातले.

त्यांच्या या प्रयोगांची छायाचित्रे काढणारी व्यक्तीही साधी नव्हती. इटलीत जन्मलेल्या आणि मेक्सिकोत नाव कमावलेल्या छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी खानखोजे यांच्या कणसांचे, शेतांचे आणि शेतकऱ्यांसोबतच्या कामाचे चित्रण केले.

मोफत शेतकी शाळा म्हणजे काय?

चापिंगोमध्ये शिकायला येणाऱ्या मुलाकडे आधीचे शालेय शिक्षण असावे लागे. ज्याला नुकतीच जमीन मिळाली होती तो अर्धसाक्षर शेतकरी त्या फाटकाच्या आत येऊ शकत नव्हता. खानखोजे यांनी हा पेच ओळखला. १९२८ मध्ये त्यांनी शेतकरी संघटनांच्या साथीने ‘एस्क्वेलास लिब्रेस दे आग्रिकुल्तुरा’, म्हणजे मोफत शेतकी शाळांची सुरुवात केली.

कल्पना सोपी होती. शेतकरी महाविद्यालयात येऊ शकत नसेल तर महाविद्यालयाने गावात जायचे. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. बियाणे कसे निवडायचे, जमिनीचा कस कसा राखायचा, हे शेतकऱ्याच्या स्वतःच्या वावरात शिकवायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पेरायचे बियाणे शेतकऱ्याने स्वतः निवडावे आणि सुधारावे यावर भर होता. एक शिकला की त्याने शेजाऱ्याला शिकवायचे.

इथे त्यांच्या आयुष्याचे दोन धागे जुळतात. गदरच्या दिवसांत ते मजुरांच्या वस्त्यांत जाऊन राजकीय स्वातंत्र्याबद्दल बोलत. मेक्सिकोत ते खेड्यांत जाऊन बियाण्याबद्दल बोलू लागले. ऐकणारा वर्ग तोच होता, जमीन कसणारा आणि तरीही अर्धपोटी राहणारा.

मेक्सिकोच्या भित्तिचित्रात ते कसे पोहोचले?

जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा हे खानखोजे यांचे स्नेही होते. मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिवेरा यांनी मोठी चित्रमालिका रंगवली आहे. तिथल्या ‘आमची रोजची भाकरी’ या अर्थाच्या शीर्षकाच्या चित्रात एका टेबलाभोवती सर्व थरांतील माणसे बसली आहेत आणि त्यांना भाकर वाटून देणाऱ्या माणसाचा चेहरा खानखोजे यांचा असल्याचे मानले जाते. एका मराठी माणसाचा चेहरा मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर अन्नदात्याच्या जागी आहे, ही बाब त्यांच्या कामाबद्दल पुरेसे सांगून जाते. २०२२ मध्ये चापिंगोच्या आवारात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला त्यासाठी तिथे गेले होते.

मायदेशी परतल्यावर काय झाले?

१९३६ मध्ये खानखोजे यांनी बेल्जियन वंशाच्या जीन सिंडिक यांच्याशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या मुली. देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. चार दशकांनंतर ते आपल्या प्रांतात आले. पुढे १९५५ मध्ये कुटुंबासह ते कायमचे नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या वर्षात एक योग जुळून आला. भारत तेव्हा धान्याच्या तीव्र टंचाईत होता. १९६६ मध्ये सरकारने मेक्सिकोतून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आयात केले आणि हरितक्रांतीला वेग आला. त्याच वर्षी मका व गहू सुधारणेचे आंतरराष्ट्रीय केंद्र चापिंगोपासून जवळच उभे राहिले. त्या गव्हाचे श्रेय नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, खानखोजे यांचे नव्हे. पण ज्या मेक्सिकन शेतकी विद्यालयाच्या परिसरात हा कार्यक्रम १९४० च्या दशकात वाढला, तिथे दोन दशके आधीपासून एक मराठी प्राध्यापक बियाणे सुधारण्याचे धडे देत होता.

आजच्या पर्यावरणाच्या पेपरशी याचा संबंध काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळल्याने २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात वन, पाणी, खनिजे, अन्न, ऊर्जा आणि जमीन या साधनसंपत्तीवर स्वतंत्र प्रकरण होते. एकूण ५० तासिकांपैकी पाच तासिकांइतका वेळ प्रत्यक्ष क्षेत्रभेटीसाठी आणि १०० पैकी २५ गुण त्या कामासाठी होते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आराखडा बदलला, तरी विषय कायम आहे.

अडचण या पाच तासिकांपाशी आहे. जवळची नदी, टेकडी किंवा शेत पाहून नोंदी करायच्या, असे अभ्यासक्रम सांगतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्रकल्प तयार मजकुरावरून उतरवला जातो. ४५ तासिका वर्गात आणि पाच बाहेर, त्यातल्या पाचही कागदावरच उरल्या तर नैसर्गिक साधनसंपत्ती हा केवळ व्याख्या पाठ करण्याचा विषय होतो. खानखोजे यांच्या आयुष्यात हे प्रमाण नेमके उलटे होते. काही वर्षांचे वर्ग आणि पुढची कित्येक दशके वावरात.

केदारखेड्याच्या विद्यार्थ्यासाठी यात काय आहे?

जालना जिल्हा बियाणे उद्योगासाठी देशभर ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज परिसरातील बहुतेक मका संकरित बियाण्याचा असतो. संकरित मक्याचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर उत्पादन घटते, कारण दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. त्यामुळे दर हंगामाला नवी पिशवी घ्यावी लागते. उत्पादन वाढले हे खरे, खर्च आणि दुकानावरचे अवलंबन वाढले हेही खरे. शेतकऱ्याने बियाणे समजून घ्यावे, हा खानखोजे यांचा आग्रह या ठिकाणी आजही ताजा वाटतो.

पूर्णाकाठच्या विद्यार्थ्याला क्षेत्रभेटीसाठी लांब जावे लागत नाही. पहिल्या मोठ्या पावसात शेतातून ओढ्याकडे जाणाऱ्या पाण्याचा रंग किती गढूळ होतो, विहिरीची पातळी पोळ्याला किती असते आणि होळीला किती उरते, नदीपात्रातील वाळू गेल्यावर काठच्या विहिरींचे काय होते, सलग मक्याच्या आणि तुरीचे आंतरपीक असलेल्या वावरात ओल किती दिवस टिकते, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एक वही आणि वर्षभराची चिकाटी यांतून मिळू शकते. वडीलधाऱ्यांना यातले बरेच अनुभवाने ठाऊक असते. विद्यार्थ्याने त्याला मोजमापाची जोड दिली, तर तो प्रकल्प गुणांपुरता न राहता ग्रामसभेत मांडण्याजोगा होईल.

खानखोजे यांना आयुष्यात दोन शिक्षणे मिळाली. लष्करी शिक्षण काही वर्षे वापरता आले, तेही अपयशी उठावात. शेतकी महाविद्यालयातील शिक्षण मात्र त्यांना परक्या देशात पोटापाण्याला, संशोधनाला आणि हजारो मैलांवरच्या शेतकऱ्यांच्या उपयोगाला आले. वर्ध्याहून निघालेल्या त्या विद्यार्थ्याने मातीचा विषय परीक्षेनंतर सोडून दिला नाही, म्हणून त्यांचे नाव आज मेक्सिकोत टिकून आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या वर्गांतही ते तितकेच परिचयाचे व्हायला हवे.